गुळाच्या पेठेत एकाहत्तरवर थांबलेला काटा

वजन उतरायचं थांबलं की घरीदारी एकच सल्ला मिळतो: जेवण आणखी कमी कर. रात्रीची भाकरी सोड, नुसतं ताक पी, शनिवार धर, एकादशी धर. सल्ला देणारी माणसं मायेची असतात. पाहुण्याला पोटभर वाढल्याशिवाय उठू न देणाऱ्या आमच्या कोल्हापुरात कुणी 'कमी खा' म्हणत असेल, तर त्यामागं काळजीच असणार. तरीही मला हा सल्ला पटत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तर तो महागात पडू शकतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका नेमक्या याच टप्प्यावर, सहा-सात किलो उतरल्यावर, कंटाळून सगळं सोडून देतात. त्यांनी तिथं सोडू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

मी शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघते. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून या गावाचा गुळाशी बाजाराचा संबंध आहे. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा यार्डात घरचं कार्य असल्यासारखा आनंद होता. हंगामात सकाळी सौदे सुरू झाले की व्यापारी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून रंग बघतात, कणी बघतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात. कुणीतरी कागदात बांधून एक खडा माझ्या टेबलावर आणून ठेवतोच, "ताई, बघा की, आजचा माल कसा आलाय." पन्हाळ्याकडचा एखादा शेतकरी काकवीची बाटली देऊन जातो. या गोडावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. त्यामुळं साखरेला किंवा गुळाला विष म्हणणारी भाषा माझ्या तोंडून निघत नाही. उसाच्या सरीत पाणी सोडायला रात्री-अपरात्री जाणारी माणसं मी रोज बघते. त्यांच्या कष्टाला मी विष कशी म्हणू?

गेल्या वर्षी श्रावणात तपासणी केली तेव्हा एचबीए१सी ६.३ आलं. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांतली रक्तातली साखर सांगते, कारण लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर चढत जाते. ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वमधुमेह, ६.५ पासून पुढं मधुमेह. वजन ७८ किलो, उंची पाच फूट दोन इंच, कमरेचा घेर ४० इंच. आईला पन्नाशीत शुगर निघाली होती आणि तिचे पुढचे सगळे हाल मी जवळून बघितले होते. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता नको. पाच-सात किलो उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

गोड कमी करायचं ठरलं आणि लगेच यार्डातला ठरलेला प्रश्न आला: "साखर सोडा, पण गुळाला काय होतंय?" याचं उत्तर गुळाच्या पेठेत बसूनच स्पष्ट द्यायला हवं. गुळात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, चवीला तर तो साखरेपेक्षा कितीतरी खोल आहे. पण त्यातला मोठा भाग साखरच आहे आणि कॅलरीही साखरेपेक्षा किंचितच कमी. रक्तात गेल्यावर दोघांचं काम जवळपास सारखंच. मध आणि खजूर यांचंही तेच. खजुराचा तर निम्म्याहून अधिक भाग साखर असतो, तरी डाएटचे लाडू म्हणून तो डबा भरून घरोघरी जातो. 'शुगर फ्री' बिस्किटात साखर नसली तरी मैदा आणि तूप-तेल असतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेलं माप साधं आहे. वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर हे सगळं मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावं आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजे पाच छोटे चमचे. यार्डातले तीन चहा झाले की हे पाच चमचे संपतात. दुपारची जिलेबी आणि संध्याकाळचा उसाचा रस अजून हिशेबात धरलेलाच नाही.

म्हणून मी सुरुवात चहापासून केली. आधी चमचा अर्धा केला, मग बिनसाखरेचा प्यायला लागले. पहिले काही दिवस जीभ रुसते, नंतर दुधाचा मूळचा गोडवा कळायला लागतो. हे खरंच घडतं. जीभ शिकते.

पहिल्या महिन्यात वजन भराभर उतरलं. सगळ्यांचंच उतरतं आणि त्याचं कारण माहीत असलेलं बरं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावानं साखरेचा साठा असतो, सगळा मिळून साधारण अर्धा किलो. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतं, पण त्यात चरबी थोडीच असते. चरबी त्यानंतर, सावकाश जायला लागते. संक्रांतीपर्यंत मी ७१ वर आले. चुडीदार सैल झाला, चेहरा उतरला, लोक विचारायला लागले, "बरं नाही काय?"

आणि मग काटा तिथंच थांबला. महाशिवरात्र गेली, होळी गेली, पाडवा गेला, काटा ७१ वरच. खाणं तेच, रंकाळा तलावाभोवतीची रोजची फेरी तीच. घरचे म्हणाले, आता रात्रीचं जेवण बंद कर.

माझा जन्म हिशेबात गेला. आकडा जुळला नाही की आधी जमा-खर्च मांडायचा, मग बोलायचं, ही माझी सवय. शरीराच्या जमा-खर्चाचा अभ्यास जगात पुष्कळांनी केलाय. त्यातलं केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना केलेलं काम मला सगळ्यांत समजेल असं वाटलं. त्यांच्या मांडणीनुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागं शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरीनं कमी होतो आणि भूक मात्र जवळपास १०० कॅलरीनं वाढते. माझे सात किलो उतरले होते. म्हणजे शरीर आता रोज दीडशे-दोनशे कॅलरी कमीत भागवत होतं, जवळजवळ एका भाकरीइतक्या, आणि मागत मात्र होतं सातशे जास्त. हलकं शरीर वागवायला कमी ऊर्जा लागते, हा त्यातला सरळ भाग. दुसरा भाग असा की शरीर नकळत हालचालही कमी करतं. माणूस जिना टाळतो, उभ्यानं करायचं काम बसून करतो, बोलताना हातवारेसुद्धा कमी करतो. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ आलाय, जपून खर्च करा. दुष्काळ बघितलेल्या पूर्वजांना याच शहाणपणानं तगवलं. शरीरावर रागवायचं तरी कशाबद्दल?

आता विचार करा, अशा शरीराचं रात्रीचं जेवण बंद केलं तर ते काय करेल? खर्च आणखी आवळेल. आणि प्रथिनं कमी पडली, अंगमेहनत नसली, तर चरबीबरोबर स्नायूही खाईल. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यांत जास्त उचलतात ते स्नायू. ते झिजले की वजन कमी दिसूनही साखर आवरायची ताकद घटते. मधुमेहाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला यापेक्षा वाईट सौदा कुठला?

गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभं राहिलेल्याला हा थांबलेला काळ लवकर समजेल. चिपाडाचा जाळ लागतो, रस तापतो, भेंडीचं पाणी पडतं, मळी वर येते, ती काढतात. रस उकळायला लागला की नंतर कितीतरी वेळ त्याचं तापमान शंभर अंशाच्या आसपासच राहतं. जाळ तोच, काहिल तीच, बघणाऱ्याला काहीच पुढं सरकत नाही असं वाटतं. त्या वेळात पाणी उडत असतं, रस दाट होत असतो. दाटपणा पुरेसा झाला की मगच तापमान चढतं आणि ११८ अंशाच्या आसपास गुळव्या काहिल उतरवायला सांगतो. मधल्या वेळात घाईनं जाळ वाढवला तर माल करपतो, रंग जातो, भाव पडतो. जाणता गुळव्या त्या वेळी जाळाकडं कमी आणि रसाकडं जास्त बघतो. मीही काट्याकडं बघायचं कमी केलं आणि आत काय चाललंय ते बघायला लागले.

यात मला खरी वाट दाखवली ती आमच्या अण्णांनी. अण्णा माझे चुलते, तरुणपणी गंगावेश तालमीत मेहनत केलेले. खासबागेच्या मैदानात, जे १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतलं, त्यांनी कुस्त्या केल्यात. आता सत्तरी उलटली, गेली कित्येक वर्षं शुगरची गोळी चालू आहे. चैत्रात त्यांच्याकडं गेले होते. मी जिना चढून वर आले तेव्हा काकू म्हणाली, "वाळलीस की गं." अण्णा सोप्यात बसले होते. म्हणाले, "वाळली कसली? मांडीतली ताकद गेलीया तिची. कठड्याला धरून चढली, मी बघितलं."

"अण्णा, रोज चालते की मी. रंकाळ्याला जाते."

"चालणं वायलं, मेहनत वायली."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, "आमच्यातल्या पैलवानांचं काय झालं ठाव हाय? तालीम सुटली, जोर-बैठका सुटल्या, पर दुधाचा तांब्या सुटला न्हाई. मेहनत हुती तवर सगळं जिरत हुतं." खुराक जिरवायला मांस लागतं, मांस टिकवायला मेहनत लागते, एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यात फेसासकट उभ्या-उभ्या पिणारी तरुण पोरं अजून दिसतात. त्यांच्यातली मेहनत करणारी कोण आणि नुसती पिणारी कोण, हे अण्णा लांबूनही ओळखतात.

त्याच दिवशी त्यांनी मला बैठक शिकवली. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. पाय खांद्याएवढे फाकवून उभी राहा म्हणाले. "बूड मागं जाऊ दे, गुडघा फुडं ढकलू नको. खुर्चीला टेकली न टेकली की उठ. उठताना श्वास सोडायचा, धरायचा न्हाई." मी चार-पाच केल्या आणि मांड्या लटपटायला लागल्या. त्यांनी हाताच्या पंज्यानं माझ्या गुडघ्याच्या वरचा भाग चाचपून बघितला, जसा एखादा वस्ताद नव्या पोराचा बघतो. "हे उठलं पायजे," म्हणाले. मी विचारलं, किती मारू रोज? "मोजत बसू नको. मांडी थरथरली की थांबायचं. आणि एक दिवस आड. मांडीला इसावा मिळाला तरच ती भरती." जोर मात्र जमिनीवर नको म्हणाले, आधी ओट्याला हात टेकवून, मग हळूहळू खाली. पुढं बैठका सोप्या व्हायला लागल्या तेव्हा दुकानातली पाच किलोची गुळाची ढेप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरायला लागले. अजूनही तीच वापरते.

गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल, हृदयाचं काही असेल, तर डॉक्टरांना विचारूनच हे करावं. पण करावं. तिशीनंतर दर दशकात आपल्या स्नायूंचा काही हिस्सा झिजत जातो आणि पाळी जाण्याच्या वयात बायकांची चरबी पोटाकडं सरकते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखर कमी चढते, त्यामागं हेच कारण आहे. मी सकाळची लांबलचक फेरी थोडी आखडती घेतली आणि दुपारच्या डब्यानंतर यार्डातच गाळ्यांच्या कडेनं चालायला लागले. हमाल मंडळी आधी विचारायची, "ताई, कुणाला शोधताय?" आता त्यांच्यातलेच दोघं-तिघं बरोबर येतात.

ताटातही बदल केला, पण भुकेलं राहून नव्हे. प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागं रोज एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळावीत असं धरलं तर मला ७० ग्रॅम हवी होती. पोहे-उप्पीट-चहा या न्याहारीत ती कुठून येणार? सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अंडी सुरू केली. दुपारी भाकरी एक, पण डाळ-उसळ वाटीभर जास्त, सोबत दही आणि कच्चा कांदा-काकडी. सकाळी असं पोट भरलं की चार वाजता यार्डात फिरणाऱ्या भज्यांकडं हात जात नाही, हा माझा अनुभव. रविवारचं मटण सोडलं नाही. कोल्हापुरात राहून ते सोडायचं कारणही नाही. फक्त क्रम बदलला. आधी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, मग सुकं मटण आणि कांदा, भाकरी त्यानंतर, भात शेवटी आणि थोडका. प्रथिनं आणि भाजी आधी पोटात गेली की नंतरच्या भाकरी-भातानं साखर एकदम उसळत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. रस्सा मात्र मोजून, कारण पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते आणि तांबड्यावर तर्री. दोन-दोन वाट्या ओरपल्या की त्यातच एक जेवण होतं.

रस्सा खाल्लेल्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर अर्धा-एक किलो जास्त दिसतो. ते मिठानं धरलेलं पाणी असतं, दोन दिवसांत जातं. पाळीच्या आधीही असंच होतं. त्यामुळं रोज काट्यावर उभं राहायचं असेल तर आठवड्याची सरासरी काढा, नाहीतर आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच वेळी. हंगामात रात्री उशिरापर्यंत हिशेब चालायचे ते मी सकाळी लवकर करायला लागले, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती गोडाचीच असते.

माझ्या मते या सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मोजण्याचं माप बदलणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच सांगत होता आणि शरीरं किती वेगळी होती! आपण भारतीय लोक दिसायला बारीक असूनही आतून चरबी बाळगतो, ती पोटाभोवती आणि यकृतात. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढं जास्त मानतात आणि कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटर, पुरुषाचा ९० सेंटिमीटर यांच्या आत ठेवायला सांगतात. शिवणकामाच्या डब्यातली टेप त्यासाठी पुरते.

दुसरा दाखला चेन्नईचा. डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं-फिरणं मनापासून पाळणाऱ्या गटात ३९ टक्के लोकांना. म्हणजे धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि विशेष हे की या गटाचं वजन फारसं घटलं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येक माणसाला मला हे वाक्य वाचून दाखवावंसं वाटतं. काटा थांबला असेल, तुमचं काम थांबलेलं नाही.

माझंही तसंच झालं. अक्षय्य तृतीयेपासून बेंदरापर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणापर्यंत, वजन ७१ च्या आगंमागंच होतं. घेर मात्र ३७ वरून ३५ वर आला. जिना कठड्याशिवाय चढायला लागले. मेहनतीनं स्नायू थोडे भरत होते, चरबी उतरत होती, काट्यावर बेरीज शून्य येत होती. श्रावणातला अहवाल आला: एचबीए१सी ५.८. वर्षभरापूर्वीच्या ६.३ पासून ५.८, आणि त्यातले शेवटचे सहा-सात महिने वजन जागचं न हललेले. डॉक्टरांनी तो कागद दोनदा बघितला आणि म्हणाले, "जे करताय ते सोडू नका." त्यानंतर काटाही हलला. गणपतीपर्यंत ६८.

सणांचं म्हणाल, तर आमच्याकडं गोडाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं असतं, आणि ते मला जमत नाही, जमायलाही नको आहे. बेंदराला आत्याकडं पुरणपोळी होती. आमच्याकडं पोळी गुळवणीत बुडवून खातात. आत्यानं दुसरी पोळी वाढायला घेतली. मी ताटावर हात धरला तर म्हणाली, "का गं, माझ्या हातची गोड लागंना झाली?"

"आत्या, तुझ्या हातची म्हणून तर एक खाल्ली. गुळवणी नको, त्याच्या जागी तूप दे. आणि कटाची आमटी अजून वाटीभर दे."

आमटी ती जरा फुरंगटूनच वाढत होती. जेवण झाल्यावर मी तिला हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणलं. येताना ती तिच्याच गुडघ्यांबद्दल बोलत होती. आता ती पण खुर्चीवरून उठ-बस करते. एक पोळी, तिच्याआधी आमटी-कोशिंबीर, तिच्यानंतर चालणं, असा सण मला मानवतो. आधी दिवसभर उपाशी राहून मग चार पोळ्या खाणं शरीराला मानवत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. मी गोळीवर नव्हते, म्हणून माझे प्रयोग सोपे होते. जे इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्यांवर आहेत, त्यांनी डॉक्टरांना न सांगता जेवण कमी केलं किंवा उपास धरला तर साखर धोक्याच्या खाली जाते. आमच्या यार्डातल्या एका हमालाला वजन कमी करायचं म्हणून एकादशीला काही न खाता काम करताना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं. रक्तातली साखर सत्तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की असं होतं. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे तीन चमचे पाण्यात ढवळून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. त्या हमालाला साखरपाणी दिलं, पाच-दहा मिनिटांत तो सावरला, नंतर डॉक्टरांनी त्याची गोळी बदलली. इन्सुलिन आणि त्यातल्या काही गोळ्यांनी वजन वाढतंही. त्यामुळं काटा अडला असेल तर आपली औषधं आणि थायरॉईड हे दोन्ही डॉक्टरांशी बोलून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सध्या काटा पुन्हा थांबलाय, ६८ वर. घेर अजून ३४ आहे, ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, तिथं पोचायचंय. पण आता दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे तोंडावर आलेत, हंगाम सुरू झाला की जेवणाच्या वेळा पुढं-मागं होणारच. त्यामुळं संक्रांतीपर्यंत वजन आहे तिथंच राखायचं ठरवलंय, भाकरी कमी करायची नाही, बैठका एक दिवस आड चालू ठेवायच्या. अण्णा म्हणतात, ढेप आता दहा किलोची घे. दुकानात विचारून ठेवलीय.